पद्मिनी धावती करणाऱ्या अनामिक हातांचे आभार

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आमची 1089 सीसीची प्रीमियर पद्मिनी गाडी यंदा हौशी ड्रॅग शर्यतीत, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या शर्यतीत, पाव मैलाचे, म्हणजे सुमारे 402 मीटरचे अंतर न अडखळता धावली. याचे श्रेय ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत, अशा माणसांना आहे.

इंजिन वारंवार तापत होते. सीएसटी रोडवरील एका वृद्ध मिस्त्रींनी हेडवर, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणावर, स्टीलची सरळ पट्टी आडवी धरली, तिच्याखाली फट मोजणाऱ्या फीलर गेजचे पातळ पान सरकवले आणि मधल्या दोन सिलिंडरांपाशी आलेला बाक मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावला. हेड सपाट घासून आणल्यावर बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, ठरावीक जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळायचे, म्हणजे हेडखालच्या गॅस्केटवर, सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थरावर, सगळीकडे सारखा दाब बसतो, हेही त्यांनीच शिकवले. पैशांना मात्र त्यांनी हात लावला नाही. अशी माणसे आहेत म्हणूनच मुंबईत जुन्या गाड्या तग धरून आहेत, असे माझे ठाम मत आहे.

जेवणाची सुट्टी सोडून काम करणारा लेथवरचा तरुण, भर पावसात चाळीच्या अंगणात ताडपत्री धरून उभी राहिलेली मुले आणि शर्यतीच्या सकाळी आपल्या सामानातला, इंजिनात ठिणगी पाडायला लागणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटचा नवा संच काढून देणारा अनोळखी स्पर्धक, या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे.

मिस्त्रीकाका, तुमचे फीलर गेज माझ्याकडेच राहिले आहे. येत्या रविवारी दुकानावर आणून देतो.