शनिवारच्या रेमार्क बैठकीची आठवण
मंडळी, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला नेहमीच्या जागी बैठक आहे हं, विषय जर्मन लेखक एरिक मारिया रेमार्क. मागच्या वेळी निम्मे लोक पुस्तक न वाचता फक्त पिक्चर बघून आले होते, तसं यावेळी नको प्लीज, निदान त्याच्या पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीची, 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'ची पहिली पन्नास पानं तरी वाचून या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जन्म 1898, ओस्नाब्रुक, अठराव्या वर्षी सैन्यात भरती आणि 1917 च्या जुलैत बेल्जियममधल्या फ्लँडर्सला जखमी, मग युद्ध संपल्यावर शाळामास्तर, थडग्यांच्या दगडांचा सेल्समन, टायर कंपनीच्या मासिकाचा संपादक असलं काय काय करत शेवटी हे पुस्तक, तेही एका मोठ्या प्रकाशकाने नाकारलेलं! 1929 च्या जानेवारीत आलं आणि दीड वर्षात 22 भाषांत मिळून साधारण 25 लाख प्रती गेल्या. 1930 ला बर्लिनमध्ये पिक्चर लागला तर नाझी नेता गोबेल्सच्या पोरांनी थिएटरात चक्क पांढरे उंदीर सोडले, 33 ला नाझींनी त्याची पुस्तकं जाळली, 38 ला नागरिकत्व काढलं. तो वाचला पण धाकटी बहीण एल्फ्रीडे सापडली, युद्ध हरलोच आहोत असं बोलली म्हणून 1943 च्या डिसेंबरात तिचा शिरच्छेद केला आणि वर त्या खर्चाचं बिल घरच्यांना पाठवलं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं दोन दिवस.

लायब्ररीची प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी येताना आणा, ड्यू डेट उलटून गेलीये. चहाचे वीस रुपये सुट्टे.