चित्राची मागची बाजूही दाखवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश घोडदळातला एक अधिकारी, त्याची पत्नी आणि मुले यांचे हस्तिदंतावरचे लघुचित्र छापलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र पानभर मोठे करून छापल्यामुळे ते दिवाणखान्यात टांगायच्या तैलचित्रासारखे वाटते. मूळ आकारही दिलेला नाही. ही चित्रे तळहातावर मावणारी, लॉकेटात किंवा खिशातल्या डबीत ठेवायची. नवऱ्याची हिंदुस्थानात नेमणूक झाली की वर्षानुवर्षे गाठभेट नसे, म्हणून ती काढून घेतली जात. एरवी प्रत्येकाचे चित्र वेगळे असे. सगळे कुटुंब एकाच तुकड्यावर बसवायचे तर तुकडा मोठा हवा आणि हस्तिदंताच्या रुंदीला मर्यादा असते. म्हणून आकार सांगणे इथे विशेष गरजेचे होते.

त्याहून मोठी उणीव म्हणजे चित्राची मागची बाजू. ती छापलेली नाही आणि तिच्याबद्दल एक ओळही नाही. चित्र उलटे केले की अनेकदा काचेखाली चित्रातल्या माणसाच्या केसांची वेणी दिसते, कधी सोन्याच्या तारेत गुंफलेली आद्याक्षरे, कधी आतल्या कागदावर चित्रकाराचा पत्ता. माणसे कोण, हे बरेचदा तिथूनच कळते. समोरून फक्त गणवेश बोलतो. भिंगातून पाहिले तर झालर सोनेरी की रुपेरी, कॉलर-कफांचा रंग कोणता, बटणावर पलटणीचा आकडा आहे का, एवढे कळते. त्यावरून पलटण सापडेल, पण शेजारी बसलेल्या बाईचे नाव सापडणार नाही.

इंग्रज लघुचित्रकार जॉन स्मार्टचेच घ्या. १७८५ ते १७९५ तो मद्रासला होता. त्या काळातल्या चित्रांवर तो आपली आद्याक्षरे आणि साल घालून पुढे इंडियाचा ‘आय’ लिहीत असे. त्याच काळात १९वी लाइट ड्रगून्स ही गोऱ्या घोडेस्वारांची पलटण मद्रास इलाख्यात होती. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर तुटून पडली आणि इंग्रज घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल तिथेच मारला गेला. त्या काळच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या चित्रामागे नाव शाबूत असेल, तर त्याचा धागा थेट जालना जिल्ह्यापर्यंत येऊ शकतो. हा आपलाही इतिहास आहे.

विल्यम पामर घोडदळातला नव्हे, पण १७९८ ते १८०१ तो पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, होता. त्याचे कुटुंबचित्र लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रकार कोण, यावर जाणकारांत वाद झाले. पण त्याची पत्नी बीबी फैज बख्श हिचे नाव टिकले, कारण कागदपत्रे टिकली. तुमच्या चित्रातली बाई मात्र नुसती ‘पत्नी’ राहिली, हे मला फार लागले.

ज्यांच्या घरी असे काही असेल, त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते. सोन्याची चौकट मोडीत घालू नका. वेणीवरची काच फ्रेमवाल्याकडून बदलून घेऊ नका. ओला बोळा तर अजिबात फिरवू नका. रंग डिंकात कालवलेले जलरंग असतात आणि गुळगुळीत हस्तिदंतात ते मुरत नाहीत, पाण्याने चेहराच पुसला जाईल. उन्हाने गालांची लाली उडते. पावसाळ्यातल्या दमट हवेने आणि नंतरच्या कोरडेपणाने पातळ हस्तिदंत वाकतो, तडकतो.

ब्रिटनने हस्तिदंताच्या व्यापाराविरुद्ध २०१८ साली कडक कायदा केला, तो जून २०२२ पासून लागू आहे. त्यात १९१८ पूर्वीच्या, ३२० चौरस सेंटीमीटरपर्यंतच्या अशा व्यक्तिचित्रांना नोंदणीच्या अटीवर सवलत ठेवली आहे. हत्ती वाचलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्या काळच्या माणसांचे चेहरेही जपावेत, हे त्या कायद्यालाही पटले आहे.

तरी पुढच्या पुरवणीत याच चित्राची मागची बाजू, लांबी-रुंदी आणि मागे काही मजकूर असल्यास तो जसाच्या तसा छापावा, ही विनंती.

कळावे,
आपला एक वाचक, पुणे