कागद महागलाय, सर

वसुबारस, १७ ऑक्टोबर २०२५

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

फराळाचा डबा आज कुरिअरवाल्याच्या ताब्यात दिला. चकल्या आणि अनारसे आईने नेहमीसारखे वेगवेगळे बांधलेत. चिवड्याच्या पिशवीखाली एक पाकीट आहे, ते मी ठेवलंय. ते उघडण्याआधी तू हे वाचावंस, म्हणून पत्र ई-मेलने पुढे पाठवतोय.

जुलैत फोनवर आपलं वाजलं, ते माझ्या मनातून जात नाही. स्टीफन कोलबेअर या अमेरिकन विनोदी निवेदकाचा 'लेट शो' बंद होणार ही बातमी मी तुला सांगितली आणि तू म्हणालीस, "बाबा, तो शो तोट्यात होता. आकडे बघा. सरळ बिझनेस डिसिजन आहे." मी चिडलो. तू दिवसभर कंपन्यांचे ताळेबंद बघतेस, त्यातलं तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. तरी "तुम्हाला पैशापलीकडे काही दिसतच नाही" असं मी बोलून गेलो. ते बोलणं चुकलंच. त्यामागे जे सांगायचं होतं ते मात्र राहूनच गेलं. आज ते सांगतो.

आधी तुझी बाजू, कारण ती खरी आहे. अमेरिकेत रात्री साडेअकराला टीव्हीसमोर बसणारी माणसं कमी होत चालली आहेत. आम्हीसुद्धा तो शो कधी त्या वेळेला पाहिला नाही. तुमच्याकडे मध्यरात्र होते तेव्हा आमच्याकडे सकाळचा दुसरा चहा होतो, आणि मी यूट्यूबवर त्याचं सुरुवातीचं दहा-बारा मिनिटांचं बोलणं बघतो. अशा कार्यक्रमांच्या जाहिराती २०१८च्या मानाने निम्म्यावर आल्यात. 'लेट शो'चा वर्षाचा तोटा चार कोटी डॉलरच्या घरात होता असं छापून आलं. दोनशे माणसांचा पगार, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं थिएटर, हे स्वस्तात होत नाही. शो दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीनेही हेच सांगितलं, की निर्णय निव्वळ आर्थिक आहे, कार्यक्रमातल्या मजकुराशी त्याचा काही संबंध नाही.

आता तारखा लाव. हिशोब वाचताना आधी तारखा बघायच्या, हे तूच मला शिकवलंस.

२०२४च्या ऑक्टोबरात सीबीएसच्या '६० मिनिट्स' या बातम्यांच्या कार्यक्रमात, निवडणुकीत ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिसची मुलाखत झाली. ती फसवी कापाकापी करून दाखवली असं म्हणत ट्रम्प यांनी टेक्सासात दावा लावला. आधी दहा अब्ज डॉलरचा, मग वीस. दाव्यात दम नाही, असं कितीतरी कायदेपंडित सांगत होते. पण सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट तेव्हा स्कायडान्स या दुसऱ्या कंपनीला विकली जायची होती. आठ अब्ज डॉलरचा व्यवहार, आणि त्याला सरकारची मंजुरी हवी. खासगी कंपनी खासगी कंपनीला विकली जाते, त्यात सरकार कुठून आलं, असं मला आधी वाटलं होतं. त्याचं उत्तर असं, की सीबीएसच्या मालकीची अठ्ठावीस स्थानिक टीव्ही केंद्रं आहेत. ती जनतेच्या ध्वनिलहरी वापरतात, म्हणून त्यांना एफसीसीचा, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचा, परवाना लागतो, आणि मालक बदलला की तो परवाना नव्या मालकाच्या नावावर करायलाही एफसीसीच लागते. एफसीसीचा अध्यक्ष राष्ट्राध्यक्ष नेमतो. दोरी त्या परवान्याला बांधलेली आहे.

जुलैच्या सुरुवातीला पॅरामाउंटने एक कोटी साठ लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. १४ जुलै, सोमवार. कोलबेअर सुट्टीवरून परतला आणि आपल्याच मालकाबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलला. अशा तडजोडीला कायद्याच्या भाषेत एक नाव असतं, म्हणाला, आणि ते नाव म्हणजे जाडजूड लाच. १७ जुलै, गुरुवार. आदल्या रात्रीच आपल्याला कळलं असं सांगून त्याने प्रेक्षकांना शो बंद होणार असल्याचं सांगितलं. २४ जुलै, पुन्हा गुरुवार. एफसीसीने दोन विरुद्ध एक मतांनी व्यवहार मंजूर केला. ७ ऑगस्टला कंपनी नव्या मालकाकडे गेली.

तोटा सोमवारी झाला नव्हता, चिऊ. तो कित्येक वर्षं होत होता, आणि कितीतरी उपाय हाताशी होते. माणसं कमी करता आली असती, आठवड्याचे कार्यक्रम कमी करता आले असते. आणि साडेअकराच्या वेळेला सगळ्यात जास्त बघितला जाणारा कार्यक्रम तोच होता, रोज सुमारे चोवीस लाख माणसं. १९९३ला डेव्हिड लेटरमनने सुरू केलेला 'लेट शो' आता कोणालाही देणार नाहीत. खुर्चीच मोडीत काढली. लोक ओरडायला लागले तेव्हा कोलबेअर म्हणाला, मलाही तसंच वाटतंय. मग त्याने दोनशे सहकाऱ्यांचे आभार मानले. कपाळावर आठी नव्हती. मी ते तीन वेळा पाहिलं.

आपण २०१८ला त्या थिएटरात गेलो होतो, आठवतं? तिकीट फुकट, पण रांगेत दोन तास. तू माझ्यासाठी कोपऱ्यावरून कॉफी आणलीस. आत गेल्यावर आई म्हणाली, "अगं, एवढंसं आहे होय हे!" टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा खरंच लहान. मी मान वर करून घुमट आणि रंगीत काचांच्या खिडक्या बघत बसलो. लेटरमनच्या काळात ते सगळं झाकलेलं होतं, कोलबेअर आला तेव्हा पुन्हा उघडं केलं. इंग्रजीतले निम्मे विनोद मला कळले नाहीत. पण शेजारी बसलेला धिप्पाड माणूस आपल्याच राष्ट्राध्यक्षावरच्या विनोदाला मांडीवर थापा मारून हसत होता, बाहेर पोलीस निवांत उभा होता, आणि कार्यक्रम संपल्यावर सगळे आपापल्या घरी गेले. त्या रात्री मला झोप आली नाही. मला आमचे सर आठवत होते.

सरांची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आईलासुद्धा अर्धीच माहीत आहे.

मी जिल्ह्याच्या गावी दैनिकात उपसंपादक होतो, तू तेव्हा बालवाडीत. पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात रोज एक वात्रटिका असायची. ती लिहायचे एका शाळेतले मराठीचे शिक्षक. संध्याकाळी सहाच्या सुमारास सायकलवरून यायचे, पायजम्याला लावलेली क्लिप काढायचे आणि खिशातून घडी केलेला कागद द्यायचे. बहुतेक वेळा जुन्या उत्तरपत्रिकेची कोरी बाजू. मग ते खुर्चीवर न बसता उभे राहायचे, माझ्या तोंडाकडे बघत. मी हसलो की "बरं, येतो" म्हणून निघायचे. महिन्याला मानधन दीडशे रुपये. लोक पेपर हातात घेतला की आधी तो कोपरा वाचायचे. चहाच्या टपरीवर सरांच्या ओळी मी किती वेळा ऐकल्यात!

१९९५च्या पावसाळ्यात एक मंत्री गावात येऊन गेले. सरांनी लिहिलं:

साहेबांचा दौरा ठरला,
रातोरात खड्डा भरला;
दौरा सरला, पाऊस झाला,
खड्डा आपल्या घरी आला.

कुणाचं नाव नाही, वावगा शब्द नाही. मी हसलो, छापलं. चौथ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर वर्षाच्या कागदखरेदीचा तक्ता होता. "न्यूजप्रिंट कुठे गेलंय बघ," म्हणाले. "काही काही गोष्टी कमी कराव्या लागतील. ती वात्रटिका थांबव." तक्ता खरा होता. त्या वर्षी वर्तमानपत्राचा कागद फार महागला होता, छोटी दैनिकं मेटाकुटीला आली होती. पण मालकांनी सरकारी भूखंडासाठी केलेला अर्ज त्याच मंत्र्यांच्या टेबलावर आहे, हे छपाईच्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. मंत्र्यांचा फोन आला होता का? मला माहीत नाही. मालकांनी तसं म्हटलं नाही, मी विचारलं नाही. फोन आलाच नसेल, असंही मला पुष्कळदा वाटतं. आणि तेच जास्त खुपतं.

सरांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. सहा वाजता ते आले, क्लिप काढली, कागद दिला. मी तो न उघडता म्हणालो, "कागद महागलाय, सर. मालक म्हणतात, काही दिवस थांबू."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग अगदी शांतपणे, वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "चार ओळींना किती कागद लागतो?"

मी उत्तर दिलं नाही. टेबलावरची टाचणी उचलून बघत राहिलो. त्यांनी क्लिप लावली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात साड्यांच्या सेलची जाहिरात होती. सर पुढे पुष्कळ वर्षं शाळेत शिकवत होते, रस्त्यात भेटले तर हसायचे, तुझ्या अभ्यासाची चौकशी करायचे. लिहिलेलं मात्र त्यांनी पुन्हा कुणाला दाखवलं नाही.

म्हणून तू "आकडे बघा" म्हणालीस तेव्हा मला आकड्यांचा राग आला नव्हता. मालकांचा तक्ता माझ्या डोळ्यांसमोर आला होता. खरा आकडा होता म्हणूनच तर तो कामी आला. खोटा असता तर मी भांडलो असतो. निदान आज मला तसं वाटतं.

इकडे यंदा मार्चमध्ये मुंबईत, खारला, कुणाल कामराने उपमुख्यमंत्र्यांवर केलेल्या विडंबनानंतर कार्यकर्त्यांनी त्या स्टुडिओची तोडफोड केली. खुर्च्या मोडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. कोणी मोडल्या, का मोडल्या, यावर वाद नाही. न्यूयॉर्कमध्ये एकही खुर्ची मोडली नाही. त्यामुळे तुझ्यासारखी शहाणी मुलगीही प्रामाणिकपणे म्हणू शकते, की इथे काही घडलंच नाही.

पुढचं तर तू स्वतः बघितलंस. शो बंद होणार म्हटल्यावर ट्रम्प यांनी आनंद झाल्याचं लिहिलं आणि पुढचा नंबर एबीसी वाहिनीवरच्या तशाच विनोदी निवेदकाचा, जिमी किमेलचा, असं ऐकतोय, हेही लिहिलं. १७ सप्टेंबरला, बरोबर दोन महिन्यांनी, एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार एका पॉडकास्टवर म्हणाले, हे सोप्या मार्गानेही होईल नाहीतर अवघड मार्गाने. ट्रम्प-समर्थक कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर किमेल जे बोलला त्यावरून हे चाललं होतं. काही तासांत, कितीतरी स्थानिक टीव्ही केंद्रांची मालक असलेल्या नेक्स्टार कंपनीने आपल्या केंद्रांवरून त्याचा कार्यक्रम काढला, आणि त्यांचाही एक मोठा व्यवहार एफसीसीच्या मंजुरीसाठी थांबलेला होता. त्याच संध्याकाळी एबीसीने कार्यक्रम बेमुदत बंद केला. या वेळी तोट्याचा तक्ता काढायलाही वेळ मिळाला नाही. मग लोकांनी एबीसीची मालक कंपनी डिस्नेची वर्गणी रद्द करायला सुरुवात केली, नट-लेखक निषेधासाठी रस्त्यावर उतरले, टेड क्रूझसारखा ट्रम्प यांच्याच पक्षाचा सिनेटर म्हणाला की ही माफियाची भाषा झाली. सहाव्या दिवशी किमेल परत आला. त्या रात्री फोन तू केलास. "बाबा, लागला!" एवढंच म्हणालीस. त्या दोन शब्दांनी मला किती बरं वाटलं, ते तेव्हा सांगितलं नाही.

सीबीएसबद्दल माझ्या मनात नुसता राग नाही. १९५४ला कम्युनिस्ट ठरवून लोकांच्या मागे लागणाऱ्या सिनेटर मॅकार्थीची दहशत असताना पत्रकार एडवर्ड मरोने त्याच्याविरुद्धचा कार्यक्रम केला तो याच वाहिनीवर. आणि १९६९ला व्हिएतनाम युद्धावर बोलणाऱ्या स्मदर्स बंधूंचा विनोदी कार्यक्रम बंद केला तोही याच वाहिनीने. ते दोघे भाऊ कोर्टात गेले आणि करारभंगाचा खटला जिंकले. पण जिंकेपर्यंत १९७३ उजाडलं होतं आणि कार्यक्रम काही परत मिळाला नाही. एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसं होती. त्या-त्या दिवशी केबिनमध्ये कोण बसलंय आणि टेबलापलीकडे कोण उभं आहे, यावर गोष्ट ठरली.

मी टेबलापलीकडे उभा होतो, आणि मी विचारलं नाही. नोकरी गेली असती का? कदाचित. तू लहान होतीस, भाड्याचं घर होतं, हे सगळं खरं. तरी एवढं विचारता आलं असतं, की मालक, चार ओळींना किती कागद लागतो? तो प्रश्न माझा होता. तो सरांना विचारावा लागला.

गेल्या महिन्यात कोलबेअरच्या शोला टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं, त्याच्या गटातलं पहिल्यांदाच. तेव्हा तो म्हणाला, की एखादी गोष्ट हातातून जातेय असं वाटायला लागलं की तिच्यावर किती जीव आहे ते कळतं, आणि आपल्या देशावर इतका जीव त्याने पूर्वी कधी लावला नव्हता. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली होती.

शो मे महिन्यापर्यंत चालणार आहे. तिकिटं मिळणं आता अवघड असेल, तरी बघ. मिळालं तर जावईबापूंना घेऊन जा, आणि आत गेलीस की मान वर करून घुमट बघ.

पाकिटात सरांचा त्या संध्याकाळचा कागद आहे, मी न उघडलेला. ते गेल्यावर मी तो खणात टाकला, आणि पुढे तीन घरं बदलली तेव्हा प्रत्येक वेळी बरोबर आणला. घडी अजून तशीच आहे. मागच्या बाजूने लाल शाईचे मार्क दिसतात, दहापैकी सहा. सरांना जाऊन चार वर्षं झाली. मला तो उघडवत नाही. तू उघड, आणि रविवारी फोनवर मला वाचून दाखव. सावकाश वाच, मध्ये थांबू नकोस.

तुझा,
बाबा