तुझा आत्मपरीक्षणाचा खर्डा वाचून

सांगली

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगलीच्या महापुरावरच्या तुम्हा पाच जणांच्या सादरीकरणाची चित्रफीत आणि सरांना प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून द्यायच्या आत्मपरीक्षणाचा तुझा कच्चा खर्डा, दोन्ही मिळाले. चित्रफीत मी आधी आवाजासह पाहिली, मग आवाज बंद करून फक्त तुमच्या आणि श्रोत्यांच्या हालचालींकडे लक्ष ठेवून पाहिली. फोनवर यातले निम्मेही नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या खर्ड्याचा गाभा तीन वाक्यांत आहे. माझा आत्मविश्वास कमी पडला, गटात समन्वय नव्हता आणि पुढच्या वेळी अधिक तयारी करीन. यातले एकही वाक्य खोटे नाही, पण सादरीकरण न पाहताही ही वाक्ये लिहिता आली असती, आणि माझी हरकत नेमकी त्यालाच आहे. आमच्या अध्यापक महाविद्यालयात छात्राध्यापकांच्या पाठांच्या वह्या मी वर्षानुवर्षे तपासत आले आहे. सुरुवातीच्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक वहीत असेच निकाल लिहिलेले असतात: पाठ समाधानकारक झाला, वेळेचे नियोजन चुकले, विद्यार्थ्यांनी चांगला प्रतिसाद दिला. एकदा निकाल देऊन टाकला की माणूस घडलेल्या गोष्टीकडे पुन्हा वळून पाहत नाही. 'आत्मविश्वास कमी पडला' असे लिहिल्यावर नेमके कोणत्या क्षणी, कशामुळे, आणि त्याचा समोरच्यांवर काय परिणाम झाला, हे तुला स्वतःला विचारावेसेच वाटले नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की खर्ड्याचा पहिला अर्धा भाग केवळ घडले ते, घडले त्या क्रमाने लिहिण्यासाठी ठेव, आणि त्यात चांगले-वाईट असा एकही शब्द येऊ देऊ नकोस.

एक उदाहरण देते. २०१९च्या महापुरावर बोलताना तू आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा आलेख दाखवलास आणि कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती, असे सांगून लगेच पुढच्या स्लाइडकडे वळलीस. सांगलीत वाढलेल्या माणसाला त्या आकड्यापुढे आणखी काही सांगावे लागत नाही. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोका, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिली चौकशी पुलाजवळच्या फुटांचीच होते. पण तुमच्या वर्गातल्या नाशिकच्या, लातूरच्या, चंद्रपूरच्या मुलांना सत्तावन्न फूट म्हणजे नदीच्या तळापासून, रस्त्यापासून की आणखी कशापासून, हे कसे कळावे? चित्रफितीत पुढच्या बाकावरचा एक मुलगा त्या वेळी शेजाऱ्याकडे पाहून भुवया उंचावतो. शेवटी प्रश्नोत्तरांत त्यानेच विचारले, की एवढी पातळी नेहमीपेक्षा किती जास्त आहे. तोपर्यंत पाच मिनिटे उलटून गेली होती, आणि ज्या आकड्यावर तुमच्या सगळ्या मांडणीचा भार होता, तो श्रोत्यांच्या दृष्टीने नुसताच एक आकडा राहिला होता.

तुझ्या खर्ड्यात या प्रसंगाचा उल्लेखही नाही. माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच होती. आलेखावर पंचेचाळीस फुटांची एक आडवी लाल रेघ ओढली असती आणि 'या रेघेच्या वर पाणी गेले की धोका' एवढे एक वाक्य बोलली असतीस, तर उरलेले काम त्या आलेखाने केले असते. इथे कमतरता धिटाईची नव्हती. आपल्याला जे अंगवळणी पडले आहे ते समोरच्याला माहीत नसेल, हे तुझ्या ध्यानात आले नाही. हा दोष नेमका सापडला म्हणजे त्यावरचा उपायही नेमका सापडतो, आणि तो उपाय 'अधिक तयारी' असा मोघम राहत नाही. याच वाटेने जाऊन, महापुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीच्या अहवालावरची स्लाइडही पाहा. तिथे अकरा ओळी होत्या आणि तुमच्या गटातल्या मुलीने त्या सगळ्या वाचून दाखवल्या. श्रोते त्या ओळी तिच्या आधीच वाचून मोकळे झाले होते, हे आवाज बंद ठेवून पाहिले की चटकन दिसते.

आता भीतीविषयी. हात थरथरत होते, आवाज कापत होता, सगळ्यांना ते दिसले असणार, असे तू लिहिले आहेस. मी डोळे ताणून पाहिले, मला ते दिसले नाही. तुझी आई म्हणून समजूत काढण्यासाठी हे लिहीत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले आहेत. वक्त्याला आपली घबराट जितकी उघड झाली असे वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना जाणवत नाही, असे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाचे असे, की ज्यांना ही गोष्ट भाषणाआधी नीट समजावून सांगितली, त्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस ठरली. म्हणजे भीती वाटणे आणि भीती दिसणे या दोन गोष्टी तुला वेगवेगळ्या लिहिता आल्या पाहिजेत. जे वाटले ते 'मला असे वाटले' म्हणून अवश्य लिही, कारण तेही खरेच आहे. पण इतरांना काय दिसले, हे चित्रफितीवरून आणि गटाबाहेरच्या एखाद्या मैत्रिणीला विचारूनच लिही.

चित्रफितीतला आपला आवाज फार विचित्र वाटतो, म्हणून ती पाहायलाच नको वाटते, असेही तू म्हणाली होतीस. स्वतःचा आवाज आपण एरवी हवेतून ऐकतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, आणि ध्वनिमुद्रणात हाडांतून येणारा भाग नसतो, त्यामुळे तो जवळजवळ प्रत्येकालाच पातळ आणि परका वाटतो. त्यावरून आपला आवाज वाईट आहे असे ठरवू नकोस.

मला खरे अडखळणे दिसले ते एका वेगळ्याच जागी. कोयनेच्या विसर्गाबद्दल बोलताना तुला एक इंग्रजी शब्द आठवला नाही, तू काही सेकंद थांबलीस आणि मग आधीचे वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणालीस. पाठ केलेल्या मजकुराची ती खूण आहे. एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी हातून जाते. मात्र प्रश्नोत्तरांत सरांनी मराठीत विचारले, की विसर्ग आणि पाणलोट क्षेत्रातला पाऊस यांपैकी कशाचा वाटा मोठा मानावा, तेव्हा तू फळ्याकडे गेलीस, कृष्णा आणि वारणा यांच्या दोन रेघा काढल्यास, संगमाची जागा दाखवलीस आणि एकही शब्द न शोधता सगळे समजावून सांगितलेस. त्या दीड मिनिटात वर्गातली एकही मान खाली नव्हती. हे तुझ्या खर्ड्यात कुठेच नाही, याचे मला वाईट वाटले. आत्मपरीक्षण म्हणजे उणिवांची यादी, अशी समजूत आपल्याकडे फार रुजलेली आहे. जे साधले, ते कशामुळे साधले हेही तितक्याच बारकाईने तपासले पाहिजे, नाहीतर ते पुन्हा साधेलच याची खात्री नसते. इथे कारण स्पष्ट आहे: उत्तर देताना तुझ्याजवळ मुद्दे होते, वाक्ये नव्हती. इंग्रजीत बोलणे तुमच्या अभ्यासक्रमात अनिवार्य आहे आणि ते तुला यायलाही हवे, पण त्यासाठी वाक्ये पाठ करण्याऐवजी मुद्द्यांचा क्रम पक्का कर आणि प्रत्येक वेळी थोड्या निराळ्या शब्दांत मोठ्याने बोलून पाहा.

गटाविषयी मात्र मला जरा कठोर लिहावे लागेल. 'एका सदस्याचा सहभाग नगण्य होता' असे तू लिहिले आहेस आणि तो कोण, हे सरांना सहज ओळखता येईल. तो मुलगा जेमतेम एक मिनिट बोलला, हे खरे. पण जलसंपदा विभागाच्या कार्यालयात खेपा घालून पाणीपातळीच्या नोंदी त्यानेच मिळवल्या, हे तूच मला गेल्या महिन्यात फोनवर सांगितले होतेस. तुमचा आलेख त्या नोंदींवर उभा आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली दाखवून दिले, की एकत्र केलेल्या कामात प्रत्येकाला आपला वाटा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. त्यांनी नवरा-बायकोंना घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला, तेव्हा बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. यामागे लबाडी असतेच असे नाही. आपण घेतलेले कष्ट आपल्याला सहज आठवतात, दुसऱ्याने घेतलेले आपण पाहिलेलेच नसतात. तेव्हा सहभागाबद्दल लिहिताना टक्के आणि विशेषणे वगळून कोणी काय केले, एवढेच लिही. आणि कोणी खरोखरच काही केले नसेल, तर तेही लिही, पण सरांकडे जाण्यापूर्वी ते त्याच्याशी समोरासमोर बोलून झालेले असले पाहिजे.

समन्वय नव्हता म्हणजे काय, हेही उलगडून सांग. मला दिसले ते असे: ज्याचा भाग संपला तो भिंतीला टेकला, दोघांनी फोन हातात घेतले आणि पुढे काय बोलले जात आहे याकडे कोणाचेच लक्ष उरले नाही. म्हणूनच तुझ्या भागावरचा प्रश्न आला तेव्हा उरलेले चौघे तुझ्याकडे बघत राहिले, आणि तिसऱ्या व पाचव्या भागात पर्जन्यमानाची तीच माहिती दोनदा आली, हे बोलणाऱ्यांच्याही ध्यानात आले नाही. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे उभे असलेले टाळकरी आठव. बोलतात एकटे बुवा, पण मागच्या प्रत्येकाला अख्खा अभंग येत असतो. बुवा थांबले की चरण उचलला जातो आणि बुवांना दम घ्यायला उसंत मिळते. तुमच्यापैकी प्रत्येकाला पाचही भाग यायला हवे होते. कामाची वाटणी करणे योग्यच होते, पण समजून घेण्याचीही वाटणी झाली, हे तुमच्या सादरीकरणाचे मोठे वैगुण्य आहे, आणि त्यात तुझाही वाटा आहे, असे स्पष्टपणे लिहायला कचरू नकोस.

आमच्याकडे बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन, म्हणजे अगदी छोटा पाठ घेऊन शिकवण्याचा सराव, शिकवतात. ही पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. भारतीय प्रारूपात तिचे एक चक्र छत्तीस मिनिटांचे असते: सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण (म्हणजे झालेल्या पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे अध्यापन आणि सहा मिनिटे प्रत्याभरण. सर्वांत जास्त वेळ कशाला दिला आहे, ते पाहा. शिकवण्याच्या दुप्पट वेळ पुन्हा आखणी करण्यासाठी ठेवलेला आहे, आणि आखणी झाल्यावर लगेच तोच पाठ पुन्हा घ्यायचा असतो. छात्राध्यापक पहिल्या पाठात घाबरतात, दुसऱ्यात सावरतात, हे मी दर वर्षी पाहते; आणि ते सावरतात ते कोणी धीर दिल्यामुळे नव्हे, तर मधल्या बारा मिनिटांत एखादीच गोष्ट निश्चित बदलल्यामुळे. तुमच्या महाविद्यालयांत सादरीकरण एकदाच होते, गुण मिळतात आणि विषय संपतो. ही पद्धत मला मनापासून अपुरी वाटते. दुसऱ्यांदा करायलाच मिळणार नसेल, तर मुलांनी आत्मपरीक्षणात भविष्यकाळातली गुळगुळीत वाक्ये लिहिली तर नवल नाही.

पुण्यात आहेस तर आणखी एक कर. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला दर उन्हाळ्यात होते. सुट्टीला इकडे येण्याआधी एखादे व्याख्यान ऐकून ये, आणि वक्त्याइतकेच लक्ष श्रोत्यांकडे ठेव. माणसे कोणत्या वाक्याला पुढे झुकतात, कुठे चुळबुळ सुरू होते आणि वक्ता ते ओळखून काय बदलतो, याची टिपणे काढलीस तर पुढच्या सादरीकरणाला उपयोगी पडतील.

खर्डा दुरुस्त करून पाठव. माझ्यासाठी सजवून लिहू नकोस. तुटक असला तरी चालेल, पण त्यात प्रसंग असू देत. आणि गटातले सगळे तयार असतील, तर रविवारी संध्याकाळी तेच सादरीकरण व्हिडिओ कॉलवर पुन्हा करा. बाबा आणि मी ऐकू, पण आम्हाला सांगलीचे सगळेच माहीत असल्यामुळे आमचा फारसा उपयोग नाही. नागपूरच्या मावशीला मी बसायला सांगितले आहे. आयर्विन पूल तिने कधी पाहिलेला नाही, आणि न समजलेले विचारल्यावाचून ती राहत नाही. तिने कुठे-कुठे थांबवले, तेवढे एका कागदावर टिपून ठेव.

रात्री फार जागू नकोस. तुझ्या मैत्रिणींना आशीर्वाद सांग.

तुझी,
आई