संशोधन गावात परतही यावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील विद्यापीठांत चालणाऱ्या संशोधनाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि निवृत्त शिक्षक म्हणून त्या मी आवर्जून वाचतो. मात्र ज्याच्या दारात येऊन प्रश्नावली भरली जाते, त्याच्या जागी मी स्वतः बसलेलो आहे, आणि तेथून जे दिसले ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात एक संशोधक विद्यार्थी आमच्या औसा तालुक्यातील वस्तीवर आला. मुलगा गुणी होता, ओट्यावर बसून तासभर नीट विचारत होता. बोअर किती, खोली किती फूट, पाणी किती इंची, पीक कोणते. मी सांगितले, चार बोअर, त्यांतले तीन कोरडे, चौथ्याला ६४० फुटांवर जेमतेम इंचभर पाणी. त्याने आकडे लिहून घेतले. पण तिसरा बोअर मी का घेतला, हे विचारायला त्याच्या कागदावर रकानाच नव्हता. शेजाऱ्याला दोन इंची पाणी लागल्याचे कळले, जमिनीतले पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला, मशीन तसेही गावात आलेले होते, आणि त्या आठवड्यात मी लग्नासाठी ठेवलेले पैसे जमिनीत घातले. प्रबंधाची प्रत पाठवतो, असे तो जाताना म्हणाला होता. ती आली नाही. दोष त्याला देत नाही, कारण परत येऊन सांगणे हा त्याच्या अभ्यासाचा भाग आहे, असे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

आता या एका बोअरमध्ये किती शास्त्रे अडकलेली आहेत, ते पाहावे. आमचा कातळ लाव्हाच्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांमध्ये, आणि साधारणपणे जितके खोल जावे तितक्या भेगा कमी होतात, हे भूशास्त्र सांगते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ने ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले, हा विधिशास्त्राचा भाग. तरीही मशीन सहाशे फुटांच्या खाली का जाते, याचे उत्तर कर्ज, शेजार आणि आशा यांत आहे, आणि ते अर्थशास्त्राने व समाजशास्त्राने द्यायचे आहे. उसाचेही तेच. पाणी नाही तर ऊस लावू नका, हा सल्ला कृषिशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ज्या पिकाला कारखाना आणि एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान ऊसदर, आहे ते सोडून, भावाची खात्री नसलेल्या तुरीकडे शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर वळावे, याचे उत्तर त्या सल्ल्यात नसते. धनेगावचे मांजरा धरण आटून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा पाऊस, पीक, बाजार आणि नगरपाण्याचे नियोजन हे सगळे एकाच वेळी उघडे पडले होते.

किल्लारीचा अनुभव तर आम्हाला आयुष्यभर पुरेल असा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपलेली असताना भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार जीव गेले. द्वीपकल्पाचा हा भाग स्थिर मानला जात होता. २००२ साली भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारला, तेव्हा हा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. आमच्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, आतून-बाहेरून दगडांचे दोन थर आणि मध्ये गोटे व चिखल. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसल्याने हादऱ्याने भिंत फुगली आणि फाटली. वर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची, माती. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्यापूर्वी पांढरमातीचा नवा थर टाकायचा, आणि वर्षानुवर्षे ते ओझे वाढत जायचे. अभियंत्यांनी हे कारण अचूक शोधले आणि आरपार दगड, काँक्रीटचे पट्टे, हलके छत असे उपायही दिले.

परंतु तेच माळवद वैशाखात घर थंड ठेवत होते. पूर्णपणे नव्या जागी वसवलेल्या ५२ गावांत सरळ रस्ते आखले गेले, गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पट पांगले, शेत लांब पडले. नव्या घरांचे स्लॅब उन्हाने तापू लागल्यावर आणि गुरे, कडबा, अवजारे यांना जागा न उरल्यावर लोकांनी पदरचे पैसे घालून पत्र्याच्या शेडी उभ्या केल्या. अशा एका पुनर्वसित गावी माझी बहीण दिली आहे. तिच्या सासूबाई बरीच वर्षे स्लॅबखाली झोपत नसत. भीती भूकंपाची होती आणि उकाडाही खरा होता. भिंत कशी पडते हे अभियंत्यांनी ओळखले, पण त्या भिंतीआड माणसे कशी राहत होती हे ज्यांना विचारता आले असते, ती माणसे आराखडा आखताना त्यांच्या शेजारी पुरेशी बसलेली नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे जमतच नाही, असे मात्र नाही. जालना जिल्ह्यातील कडवंचीत पाणलोटाचे काम नव्वदच्या दशकात झाले, ते कृषी विज्ञान केंद्र आणि गावकरी यांनी मिळून केले, म्हणून तिथे आज द्राक्षबागा दिसतात. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. त्यात माती, उतार, पाऊस आणि पिके एकाच हिशेबात येतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले. पण ही ज्वारी अंगणवाडीच्या ताटात पोहोचवायची, तर वाण काढणाऱ्याबरोबर आहारशास्त्र आणि सरकारी खरेदीची व्यवस्था जाणणारेही हवेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि परभणी येथील विद्यापीठांनी पाणी, ऊसतोड मजुरांचे आरोग्य, शेतमालाचा बाजार अशा प्रश्नांवर दोन वेगवेगळ्या विद्याशाखांचे मार्गदर्शक एकत्र द्यावेत. आणि ज्या गावातून माहिती घेतली, त्या ग्रामपंचायतीला प्रबंधाचा चार पानी मराठी सारांश देणे व तो ग्रामसभेत वाचून दाखवणे, ही पदवीची अट करावी. प्रबंध आज शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतात, हे उत्तमच आहे. पण इंग्रजीतला तीनशे पानांचा प्रबंध आमच्या वस्तीवर कोण उघडणार? ग्रामसभेत तो वाचला गेला, तर चूक दाखवणारेही तिथेच भेटतील, आणि याचा अधिक फायदा संशोधकालाच होईल असे मला वाटते.

माझ्या चारही बोअरची नोंद मी एका वहीत ठेवली आहे. किती फुटांवर मुरूम संपला, मांजऱ्या खडक कुठे लागला, काळा कातळ कुठून सुरू झाला, तारीख आणि खर्च, सगळे त्यात आहे. ज्या संशोधकाला हवी असेल त्याला ती वही मी आनंदाने देईन. अभ्यास पुरा झाल्यावर त्याने एकदा ओट्यावर येऊन, पाचवा बोअर घ्यावा की नाही, एवढे मला सांगावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. औसा, जि. लातूर