केसांना लावायची डबी निवडताना चेहरा नाही, ठाण्याची हवा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पुरुषांनी केसांना जेल लावावं की वॅक्स यावर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होते, पण सगळा सल्ला चेहऱ्याच्या आकारावर, गोल चेहरा असेल तर हे लावा आणि लांबट असेल तर ते. अहो चेहऱ्यावरून हेअरकट ठरतो, डबी, म्हणजे जेल-वॅक्स यातलं काय घ्यायचं ते, नाही ठरत. डबी ठरते ती केस जाड आहेत की पातळ, टाळू तेलकट की कोरडी, दिवसभर तुम्ही कुठे फिरता आणि लावलेलं रात्री धुवून निघणार आहे का यावर. त्यात राहायला ठाण्यात म्हटल्यावर हवेचा प्रश्न सगळ्यात आधी, आणि त्या अख्ख्या लेखात पावसाळा हा शब्दच नव्हता, म्हणून लिहायला बसलोय.

मी तुर्भे एमआयडीसीत एका कॉस्मेटिक युनिटला प्रॉडक्शन केमिस्ट होतो, आता रिटायर झालोय. आम्ही दुसऱ्यांच्या ब्रँडचा माल बनवून भरून द्यायचो त्यामुळे एकाच कंपनीची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. जेल बनताना एकदा बघितलं ना की अर्धं कोडं तिथेच सुटतं. टाकीत पाणी, स्टरर फिरतोय, त्यात कार्बोमर नावाची पांढरी भुकटी चाळणीतून हळूहळू भुरभुरवायची, घाई केली की गुठळ्या झाल्याच समजा आणि त्या मग काही केल्या फुटत नाहीत, अख्खी बॅच अडकून बसते. तोवर टाकीत नुसतं गढूळ पातळ पाणी असतं. शेवटी ट्रायइथॅनॉलअमीन नावाचं अल्कली थोडंसं ओतलं की बघता बघता सगळं घट्ट आणि पारदर्शक होतं, नवीन आलेली पोरं तर काम सोडून बघत राहायची. तर सांगायचं काय, ट्यूबमधलं जेल म्हणजे मुख्यतः पाणीच. केस धरून ठेवतो तो त्यात टाकलेला दुसरा पदार्थ, पीव्हीपी किंवा तसलंच एखादं पॉलिमर, पाणी उडून गेलं की त्याची केसांवर पातळ कडक फिल्म बसते.

कोरड्या हवेत ही फिल्म एकदम मस्त. पण पीव्हीपी हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जुलैत आपल्याकडे आर्द्रता सर्रास 80 टक्क्यांच्या वर असते, मग काय होणार. घरून निघताना कडक असलेला तुरा ठाणे स्टेशनला ट्रान्स हार्बरच्या गाडीत चढेपर्यंत चिकट होतो, ऐरोलीच्या एसी ऑफिसात जाऊन परत सुकतो, त्यात एकदा हात फिरवला की फिल्म तुटते आणि खांद्यावर पांढरे कण. पोरांना वाटतं कोंडा झाला, लगेच महागडा अँटी-डँड्रफ शाम्पू येतो घरात. कोंडा नसतो तो, सुकलेलं जेल असतं. खात्री करायची तर कण तळहातावर घ्या आणि ओलं बोट फिरवा, चिकट होऊन विरघळला तर जेल, तसाच राहिला तर मग कोंड्याचं बघा.

आणि नुसता मालाचा दोष नाहीये हा, केसाचा स्वभावच तसा. आपण केसांना जो आकार देतो तो हायड्रोजन बॉण्डवर, म्हणजे केसातल्या नाजूक जोडांवर टिकतो, पाणी लागलं की ते सुटतात आणि सुकताना केस जसा असेल तसे परत जुळतात. दमट हवेत हे दिवसभर थोडं थोडं चालूच असतं. 1783 साली सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र केलं ते चक्क माणसाच्या केसावर, कारण ओलाव्याने केस लांब होतो आणि कोरड्या हवेत आखडतो. म्हणजे जी वस्तू हवामान मोजायला वापरली तिलाच आपण पावसात हलू नकोस म्हणतोय!

मग पावसाळ्यात लावायचं काय? ज्यात पाणी कमी आणि मेण किंवा पेट्रोलियम जेली जास्त अशी वस्तू, म्हणजे वॅक्स नाहीतर तेलवालं पोमेड (केस बसवायचं मलम). ते सुकून कडक होतच नाही त्यामुळे तुटायचा प्रश्न नाही, केस विस्कटले तर लोकलच्या खिडकीत बघून बोटांनी परत बसवता येतात. पण त्याचं दुखणं वेगळं, एका शाम्पूत निघत नाही. पाण्यात विरघळणारं पोमेडही मिळतं, ते धुवायला सोपं, पण पावसात भिजलात की ते पण ओघळणार, दोन्ही फायदे एकदम नाही मिळत. आमच्या वडिलांच्या पिढीला ब्रिलक्रीम माहीत होतं, 1928 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला सुरू झालेलं, ते म्हणजे पाणी आणि मिनरल ऑइल एकत्र घोटून मधमाशीच्या मेणाने धरून ठेवलेलं क्रीम. पकड बेताची आणि चमक भरपूर. जाड, राठ, बंडखोर केसांना असलं क्रीम आजही चांगलं चालतं, कुरळ्यांना तर ओल्या केसांवर लावलं की विशेषच.

क्ले मात्र वेगळी गोष्ट. त्यात बेंटोनाइट नाहीतर केओलिन माती असते, ती टाळूचं तेल शोषते आणि केसांना चमक न देता जाडी दाखवते. पातळ आणि तेलकट केसवाल्यांनी हीच घ्यावी असं माझं मत. पण लावायची पद्धत चुकते बहुतेकांची. केस पूर्ण कोरडे हवेत, हरभऱ्याएवढी घ्यायची, तळहातावर इतकी चोळायची की गोळा दिसेनासा होतो, आणि मग मागून पुढे लावत यायचं. लोक सुपारीएवढी उचलून थेट कपाळावरच्या केसांना थापतात, तिथे गठ्ठा होतो आणि मग म्हणतात माल बोगस. शिवाय तेलकट वॅक्स-पोमेड कपाळाशी रोज रोज घासलं की बारीक पुरळ येतात. हेल्मेटवाल्यांना जास्तच, कारण घाम आणि पोमेड दोन्ही हेल्मेटच्या पॅडमध्ये मुरतात आणि पॅड धुवायचं कोण मनावर घेतं! घोडबंदर रोडने बाइकवर जाणाऱ्या आमच्या भाच्याला मी सांगितलंय, घरून काही लावूनच निघू नकोस, डबी बॅगेत ठेव आणि ऑफिसात पोचल्यावर लाव. हेल्मेटखाली टिकेल असा माल मी तरी अजून बघितलेला नाही. त्याच्यासाठी पावडर बरी पडते, तीच ती सिलिकावाली, मुळाशी चिमूटभर टाकून बोटांनी हलवली की चपटे झालेले केस उठतात. हाताला विचित्र खरखरीत लागते पण काम करते.

पाण्याचं तर कोणी बोलतच नाही. आपल्याकडे कितीतरी सोसायट्यांमध्ये टँकर नाहीतर बोअरचं पाणी, ते जड असलं की शाम्पूला फेस कमी येतो आणि मेणाचा थर अर्धवट राहतो, दुसऱ्या दिवशी त्यावर नवीन थर. तेलवालं पोमेड घ्यायच्या आधी आपल्या नळाला काय येतं ते बघून घ्या. थर बसलाच तर शाम्पूच्या आधी कोरड्या केसांना थोडं खोबरेल चोळून दहा मिनिटं ठेवा, तेलाने मेण सुटतं आणि मग शाम्पू दोघांना घेऊन जातो. घरातले म्हातारे तेल लाव तेल लाव म्हणून मागे लागायचे ते अगदीच उगाच नव्हतं. 2003 साली मॅरिकोच्या संशोधकांचा पेपर आला होता, खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी जातं, मिनरल ऑइलने ते होत नाही. आता खोबरेल विकणाऱ्याच कंपनीचा पेपर म्हणून वाटल्यास त्यावर थोडा कमीच विश्वास ठेवा, आणि 2012 पासून सेट वेट जेल पण त्यांच्याकडेच आहे, म्हणजे बापाचं तेल आणि पोराचं जेल, दोन्ही बिलं एकाच दारात!

आता खरी तक्रार. डबीवर होल्ड (म्हणजे पकड) 3, होल्ड 5, अल्ट्रा, एक्स्ट्रीम असं छापतात, त्याला कुठलंही सामायिक माप नाही. एकाचा 5 दुसऱ्याच्या 3 एवढा निघू शकतो, प्रत्येक कंपनी आपापल्या मालात तुलना करून आकडा लावते आणि गिऱ्हाईक समजतं की हे मिलिमीटरसारखं काहीतरी ठरलेलं आहे. त्यापेक्षा मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव ॲक्वा म्हणजे पाणी असेल आणि पुढे पीव्हीपी किंवा कोपॉलिमर दिसलं तर ते जेलच, समोर वॅक्स लिहिलेलं असू दे. पेट्रोलॅटम (पेट्रोलियम जेली), बीजवॅक्स (मधमाशीचं मेण) आधी आलं तर धुवायला त्रास होणार. आणि समोर मोठ्ठं चारकोल, केरॅटिन, आर्गन लिहिलेलं असतं ना, ते मागे शोधा, बऱ्याचदा सुगंधाच्याही नंतर शेपटाला सापडतं. असल्या चिमटीभर केरॅटिनची पाकिटं मी स्वतः वजन करून टाकलेली आहेत, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाहीये. किमतीचं पण तसंच, पाकिटावर दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तो बघा, काळी मॅट डबी दिसली की आपण आपोआप जास्त द्यायला तयार होतो.

माझी मागणी साधी आहे. कंपन्यांनी समोरच्या बाजूला मराठीत दोनच गोष्टी छापाव्यात, ओल्या केसांना लावायचं की कोरड्या, आणि नुसत्या पाण्याने निघतं की शाम्पू लागतो. आणि छोटी 10-15 ग्रॅमची डबी प्रत्येकाने काढावी, शाम्पूचा सॅशे निघतो तर क्लेचा का नाही? सलूनवाल्यांना पण एक विनंती, कटिंग झाल्यावर काहीतरी लावून देता तेव्हा काय लावलं ते सांगत जा, गिऱ्हाईक तेच विकत घेईल, तुमचाच धंदा वाढेल.

हेअरस्प्रेबद्दल लेखात नुसतं "फिनिशिंगसाठी उत्तम" होतं. त्यात बऱ्याचदा एलपीजीसारखा पेटणारा वायू भरलेला असतो, अल्कोहोल वेगळं. विसर्जनाला पोरं रंगीत स्प्रे मारून लगेच आरतीच्या ताटापुढे वाकतात, तेव्हा अंगावर काटा येतो. निदान एवढं तरी पुढच्या अंकात चौकटीत छापा. आणि जमलं तर ज्यांचे केस विरळ झालेत त्यांच्यासाठीही दोन ओळी टाका, कारण जेल लावलं की असलेले केस पण एकमेकांना चिकटतात आणि मधली टाळू जास्त चमकते, आणि नेमकं तेच जेल आमच्या वयाचे सगळे वापरत असतात.

आपला,
एक जुना वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)