विषय: 'भारताचं क्रिकेट वर्षभर' म्हणून पॅक विकला आणि इंग्लंडची सिरीजच त्यात नाही, पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार कस्टमर केअर,

सांगलीतून लिहितोय, विश्रामबागमधनं. मे महिन्यात तुमच्या ॲपचा वर्षाचा स्पोर्ट्स पॅक घेतला, तो पण मोबाईलवाला स्वस्तातला नाही, टीव्हीवर चालणारा महागातला, कारण घरात मॅच बघते आई आणि तिला मोबाईलवर बॉल दिसत नाही. घेताना बॅनरवर निळ्या जर्सीतल्या पोरींचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरात 'भारताचं क्रिकेट, वर्षभर'. कुठली सिरीज, कुठल्या देशातली, तुमच्याकडं कधीपर्यंत, याबद्दल एक ओळ नाही.

मग आला 28 जून, शनिवार. नॉटिंगहॅमला आपल्या महिला टीमची इंग्लंडविरुद्ध पहिली टी-ट्वेन्टी, नेहमीची कॅप्टन हरमनप्रीत कौर खेळणार नव्हती म्हणून कॅप्टन आमची स्मृती मानधना. इथंच सांगलीजवळ माधवनगरात वाढलेली पोरगी देशाची कॅप्टन म्हणून टॉसला येणार म्हटल्यावर शेजारचे पण आमच्याच हॉलमध्ये येऊन बसलेले, आणि तुमच्या ॲपमध्ये काय, तर स्कोअरकार्ड! व्हिडिओच नाही. 62 बॉलमध्ये 112 मारले ओ तिनं, टी-ट्वेन्टी इंटरनॅशनलमधली तिची पहिली सेंच्युरी, आणि सांगलीत बसून, पैसे भरून, आम्ही ती नुसते आकडे पुढं सरकताना बघितली. आई तर मलाच म्हणाली, तुला नीट लावता येत नाही.

चॅटवर विचारलं तर इंग्रजीतनं ठरलेलं वाक्य चिकटवलं, मॅच दाखवायचे हक्क असतील त्याप्रमाणे कंटेंट बदलू शकतो म्हणे. मी परत विचारलं, परत तेच वाक्य. माणूस होता का मशीन, देव जाणे.

आता हे हक्काचं प्रकरण मला समजत नाही असं नाही. भारतातल्या सिरीजचे हक्क बीसीसीआय विकतं, टीम बाहेर गेली की त्या देशाचं बोर्ड विकतं, वर्ल्ड कप आयसीसीचा, त्यामुळं एकाच टीमच्या मागं वर्षभर आम्ही या ॲपवरनं त्या ॲपवर फिरायचं. आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क 2022 ला 48,390 कोटींना गेले, एवढे पैसे कोणीही घातले तरी शेवटी वसूल आमच्याकडनंच होणार, ते पण मान्य. पण इंग्लंडची सिरीज तुमच्याकडं नाही हे पैसे घेताना तुम्हाला माहीत होतं ना? मग बॅनरवर लिहायला काय धाड भरली होती? थाळीचे पैसे घ्यायचे आणि जेवायला बसल्यावर सांगायचं की भाकरी समोरच्या हॉटेलात मिळेल, त्याचे वेगळे पैसे द्या, असला धंदा झाला हा.

बरं, वैतागून ऑटोपे बंद करायला गेलो तर ते बटण तीन पानं आत दडवलेलं, आणि प्रत्येक पानावर 'एवढी ऑफर सोडणार का' म्हणून विचारणा. ग्राहकाला असं अडकवण्याविरुद्ध केंद्र सरकारनं 30 नोव्हेंबर 2023 लाच गाइडलाइन्स काढल्यात, एक दाखवायचं आणि दुसरंच गळ्यात मारायचं हे पण त्यात येतं. तुमच्या लीगलवाल्यांना माहीत असेलच.

तर उरलेल्या महिन्यांचे पैसे ज्या खात्यातनं गेले त्याच खात्यात परत पाहिजेत, कूपन नको, पुढच्या पॅकवर सूट तर अजिबात नको. ऑटोपे तुमच्याकडनं बंद करून तसा मेसेज पाठवा. आणि पैसे भरायच्या पानावरच कुठल्या सिरीज आहेत, कुठल्या नाहीत आणि हक्क कधी संपतात हे मराठीत लिहा, खालच्या बारीक अक्षरातल्या अटींमध्ये नको. पंधरा दिवस वाट बघतो, नाहीतर सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार टाकून पुढं ग्राहक आयोगात जातो. पावती आणि बॅनरचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय, तो बॅनर तुमच्या ॲपवर अजून तसाच आहे.

तुमचा ग्राहक (ऑटोपे बंद होईपर्यंत),
विश्रामबाग, सांगली